बातमीतला ‘मागास’ : विदर्भातील वाचक आणि वार्ताहर वारंवार विचारतात ते प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात मी सार्वजनिक वाचनालयाचे काम पाहतो. सायंकाळी शेतातून परतलेली मंडळी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली आणि तालुक्याहून वृत्तपत्रांना बातम्या पाठवणारे दोघे-तिघे वार्ताहर एकाच लांब टेबलाभोवती बसून वाचतात. ‘मागास’ हा शब्द दिसला की त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढायची, असा रिवाज एका पावसाळ्यात तिथे सुरू झाला आणि त्या रेघांवरून जे प्रश्न निघाले, ते पुढे दिले आहेत. उदाहरणादाखल दिलेली बातम्यांची वाक्ये मी रचलेली आहेत. ती कोणत्याही एका वृत्तपत्रातून घेतलेली नाहीत.

एका विशेषणासाठी एवढी चर्चा कशाला? रस्ता, पाणी, कापसाचा भाव हे प्रश्न मोठे नाहीत का?

ते मोठे आहेतच, आणि त्यांच्यासाठीच ही चर्चा आहे. बातमीत ‘या गावाला जोडणारा पूल वाहून गेला, त्याला इतके महिने झाले’ असे छापून आले तर पुलाविषयी कुणाला तरी उत्तर द्यावे लागते. ‘या मागास गावात सोयींचा अभाव आहे’ असे छापून आले तर कुणालाच उत्तर द्यावे लागत नाही, कारण गाव मागास असल्यामुळेच सोयी नाहीत, असा अर्थ त्या वाक्यातून आपोआप निघतो. पूल बाजूला राहतो आणि गावाचा स्वभावच तसा आहे असे वाटू लागते.

‘मागास’ या शब्दाचा मूळ अर्थ काय?

शब्द ‘मागे’ या शब्दाच्या कुळातला आहे, आणि शेतकऱ्याला तो वृत्तपत्रापेक्षा आधी शेतात भेटतो. वेळेआधीची ती आगाप पेरणी आणि वेळ टळून गेल्यावरची ती मागास पेरणी. पाऊस लांबला, मृगात पेरायचे ते पुढच्या नक्षत्रात पेरावे लागले, की पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे पीक, मागास झाली असे म्हणतात. या वापरात तीन गोष्टी स्पष्ट असतात. कशाच्या मागे, तर हंगामाच्या. किती मागे, तर अमुक इतके दिवस. आणि का मागे, तर पाऊस आला नाही म्हणून. मागास पेरणीचे शेत वाईट आहे, असे कोणताही शेतकरी म्हणत नाही. धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, शेजाऱ्याची काळी जमीन आणि आपली काळी जमीन सारखीच असते, फरक पेरणीच्या तारखेचा असतो.

वृत्तपत्रातला ‘मागास’ शेतातून निघाला तेव्हा या तिन्ही गोष्टी मागे ठेवून निघाला. हंगाम गेला, दिवसांची मोजणी गेली आणि पावसाचे कारणही गेले. पुढच्या बहुतेक उत्तरांत मी याच तीन गोष्टी परत मागणार आहे.

‘मागास’ आणि ‘मागासलेला’ यांत काही फरक आहे का?

व्याकरणाच्या दृष्टीने आहे आणि तो उपयोगी आहे. ‘मागासलेला’ हे धातुसाधित विशेषण आहे. ‘मागासणे’ ही क्रिया त्यात शिल्लक असते, म्हणून कधी तरी काही तरी घडले आणि त्यामुळे ही स्थिती आली, एवढे तरी तो शब्द सांगतो. लिंग-वचनानुसार तो बदलतो: मागासलेला तालुका, मागासलेली वस्ती, मागासलेले गाव. ‘मागास’ हे अविकारी विशेषण आहे. तालुका, वस्ती, गाव, माणूस, विचार, कशाच्याही पुढे ते जसेच्या तसे बसते. त्यामुळे ते हाताळायला सोपे आहे, आणि मथळा लिहिणाऱ्याला तर तीन अक्षरांचा शब्द नेहमीच सोयीचा वाटतो. पण त्यातली क्रिया निघून गेल्यामुळे ती अवस्था जन्मजात असल्यासारखी भासते. दोन्हींपैकी एक निवडणे भाग असेल, तर मी ‘मागासलेला’ निवडेन. त्याहून बरे ‘मागे राहिलेला’, आणि कारण ठाऊक असेल तेव्हा ‘मागे ठेवलेला’. या शेवटच्या शब्दाने मात्र लेखकावर जबाबदारी येते. कुणी ठेवले, हे पुढच्या वाक्यात सांगता आले पाहिजे.

‘मागास जिल्हा’ आणि ‘हा जिल्हा मागास आहे’, दोन्हींचा अर्थ एकच नाही का?

शाळेत आपण अधिविशेषण आणि विधिविशेषण असे दोन प्रकार शिकतो. नामाच्या आधी येते ते अधिविशेषण, नामानंतर येऊन त्याच्याविषयी विधान करते ते विधिविशेषण. परीक्षेत दोन गुणांपुरते हे पाठ केले जाते आणि नंतर विसरले जाते, पण वृत्तपत्र वाचताना याच्याइतका कामाचा भेद दुसरा नाही, असे माझे मत झाले आहे.

‘हा जिल्हा सिंचनात मागास आहे’ हे विधान आहे. ते वाचल्यावर वाचक थांबतो, मान डोलावतो किंवा ‘हे कशावरून?’ असे विचारतो. लेखकाने एक दावा उघडपणे समोर ठेवला आहे आणि तो तपासता येतो. आता हे वाक्य पाहा: ‘मागास जिल्ह्यात नव्या अधिकाऱ्यांनी पदभार स्वीकारला.’ वाक्याचे विधान पदभाराविषयी आहे आणि वाचकाचे लक्षही तिकडेच आहे. जिल्हा मागास असल्याचे मात्र आधीच मान्य झालेले, सर्वांना ठाऊक असलेले सत्य म्हणून नामाला चिकटून आत आले. त्याला कुणी हरकत घेत नाही, कारण बातमी त्याविषयी नाहीच. असे शंभर वेळा झाले की जिल्ह्याचे नाव आणि ते विशेषण यांचा जणू समास होऊन जातो.

आमच्या टेबलावर रेघा ओढताना हेच ध्यानात आले. मागासपणाविषयीच्या बातम्यांत हा शब्द जितका सापडला, त्याहून जास्त तो इतर बातम्यांत सापडला: क्रीडा स्पर्धेच्या, बदलीच्या, अपघाताच्या, लग्नसोहळ्याच्या. अपघात वळणावर झाला. वळणाच्या आजूबाजूचा परिसर मागास आहे की पुढारलेला, याचा त्या अपघाताशी काय संबंध? वार्ताहर मित्रांना माझी विनंती एवढीच असते, की हा शब्द नामाच्या आधीच्या जागेवरून उचलून नामाच्या नंतर ठेवून पाहावा. तिथे ठेवल्यावर वाक्य पुरावा मागू लागते. पुरावा हाताशी असेल तर तो लिहावा, नसेल तर शब्द गाळावा.

पण ‘मागासवर्गीय’ हा तर कायद्यातला शब्द आहे. तोही टाळायचा का?

नाही, तो मुळीच टाळू नये. इथे गल्लत झाली तर ज्यांना हक्क मिळाले आहेत त्यांचेच नुकसान होईल.

संविधानाच्या अनुच्छेद १५(४) मध्ये, जो १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला, आणि अनुच्छेद ३४० मध्ये ‘सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागासलेले वर्ग’ असा उल्लेख आहे. त्यातला ‘दृष्ट्या’ हा अंश महत्त्वाचा आहे. कोणत्या बाबतीत मागासलेले, ते त्याच वाक्यात सांगितले आहे, आणि ते ठरवण्याची रीतही घालून दिली आहे. अनुच्छेद ३४० खाली पहिला आयोग १९५३ मध्ये काका कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. दुसरा १९७९ मध्ये बि. प्र. मंडल यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला आणि त्याने १९८० मध्ये अहवाल दिला. पाहणी, निकष, सुनावणी आणि पुढे न्यायालयीन तपासणी, अशा सगळ्या टप्प्यांतून तो शब्द गेलेला आहे. म्हणून ‘इतर मागासवर्ग’, ‘विशेष मागास प्रवर्ग’, ‘राज्य मागासवर्ग आयोग’ हे शब्द जसे आहेत तसेच, पूर्ण लिहावेत.

घोटाळा होतो तो ‘वर्गीय’ हा अंश गाळल्यावर. ‘मागासवर्गीय वस्तीसाठी निधी मंजूर’ ही प्रशासकीय माहिती झाली. जागा वाचवण्यासाठी तिचे ‘मागास वस्तीसाठी निधी’ झाले, की कायदेशीर वर्गवारीच्या जागी त्या वस्तीतल्या माणसांवरचा शेरा तयार होतो. तीन-चार अक्षरांची काटकसर या ठिकाणी करू नये. शिवाय भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेनुसार, जातीचा उल्लेख त्या जातीला कमीपणा आणणारा ठरत असेल तिथे तो टाळला पाहिजे. बातमीशी संबंध नसताना व्यक्तीच्या नावामागे ‘मागासवर्गीय’ लावण्यालाही हेच तत्त्व लागू केले पाहिजे, असे मला वाटते.

विदर्भाचा मागासलेपणा कधी मोजला गेला आहे का, की तो नुसताच बोलला जातो?

मोजला गेला आहे, आणि तो ज्या गांभीर्याने मोजला गेला ते पाहिले की आजचा सैल वापर जास्तच खटकतो.

विदर्भ महाराष्ट्रात आला तो काही अटी आणि आश्वासनांसह. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने या प्रदेशाला निधी, शिक्षण आणि नोकऱ्यांत न्याय्य वाटा मिळावा असे ठरले. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद ३७१(२) आला, ज्यात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळांची आणि निधीच्या समन्यायी वाटपाची तरतूद आहे. तरीही तूट राहिली आहे, अशी तक्रार वाढत गेली, तेव्हा राज्य सरकारने १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. तिने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रे वेगवेगळी घेतली, प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती खाली आहे ते पाहिले आणि ती सरासरी गाठायला किती खर्च येईल, याचा आकडा काढला. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यातला विदर्भाचा भाग सुमारे १,२४७ कोटी, म्हणजे ३९ टक्क्यांच्या आसपास होता.

‘अनुशेष’ हा शब्द त्यानंतर गावागावांत पोहोचला, आणि तो मला ‘मागास’पेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. अनुशेष म्हणजे राहिलेले देणे. तो शब्द उच्चारला की कुणाचे, कुणाकडे आणि किती, हे सांगावेच लागते. पुढे तो भरून निघाला की नाही, हेही विचारता येते. विकास मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली, ही बातमी ‘अनुशेषा’च्या भाषेत लिहिली तर तिच्यातून दहा प्रश्न निघतात. ‘मागास विदर्भाला पुन्हा धक्का’ असे लिहिले तर हळहळ निघते आणि तिथेच थांबते.

मग सगळा विदर्भ मागास आहे असे म्हणणे बरोबर आहे का?

अकरा जिल्ह्यांना एक विशेषण पुरत नाही. २०११ च्या जनगणनेत राज्याचा साक्षरता दर सुमारे ८२ टक्के होता. नागपूर आणि अकोला ८८ टक्क्यांच्या, तर अमरावती आणि वर्धा ८७ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा पुढे. त्याच जनगणनेत गडचिरोली सुमारे ७४ टक्क्यांवर होता. पण त्याच गडचिरोलीत दर हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया होत्या, गोंदियात ९९९ होत्या, आणि राज्याचा आकडा ९२९ होता. या मोजपट्टीने मागे कोण, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ मध्ये, आणि असा हक्क मिळवणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. ग्रामसभेने कारभार कसा करावा हे शिकण्यासाठी जिथे बाहेरून लोक येतात, त्या गावाला बातमीत सरसकट ‘मागास भागातील’ म्हणताना लेखणी अडखळली पाहिजे.

‘मागास’ म्हटल्याने कारण झाकले जाते, असे आपण म्हणता. उदाहरण द्याल का?

तीन उदाहरणे देतो; तिन्ही सिंचनाची आहेत, कारण विदर्भाच्या बाबतीत हा शब्द सर्वाधिक तिथेच वापरला जातो.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथे विहीर खोदली तर खारे पाणी लागते. ते पिकाला चालत नाही आणि पिण्यालाही धड नसते. तिथला शेतकरी पावसाच्या पाण्यावर पिके घेतो, कारण खालच्या पाण्याची गुणवत्ताच तशी आहे. ‘सिंचनात मागास पट्टा’ असे लिहिले की वाचकाला शेतकऱ्याची उदासीनता दिसते. ‘खारपाणपट्टा’ असे लिहिले की जमिनीखालचे मीठ दिसते आणि गोड्या पाण्याची मागणी समजते.

पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात गोष्ट अगदी उलट आहे. तिथे मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, काळातले जुने मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, हजारोंच्या संख्येने आहेत. गावच्या उतारांचा आणि पाण्याच्या वाटांचा बारीक अभ्यास करून बांधलेली ती रचना होती, आणि तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कसब सर्वश्रुत आहे. १९५० नंतर मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे ही नेहमीची कामे मागे पडत गेली. जिथे पिढ्यान्‌पिढ्या सिंचन होते, त्या प्रदेशाला ‘पारंपरिकदृष्ट्या मागास’ म्हणणे ही निव्वळ चूक आहे. तिथे मागे पडली ती देखभाल.

तिसरे उदाहरण वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाचे आहे. सुरुवातीला त्याचा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले, २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, खर्च हजारो कोटींत गेला आणि कालव्यांची कामे दशकानुदशके रखडत राहिली. ज्या शेतापर्यंत कालवा पोहोचला नाही त्या शेताला ‘मागास’ म्हणावे की ‘कालवा न पोहोचलेले’ म्हणावे? दुसरा शब्दप्रयोग लांब आहे, पण खरा आहे.

सरकार आता ‘मागास’ऐवजी ‘आकांक्षित’ म्हणते. तो शब्द वापरावा का?

योजनेचे नाव म्हणून वापरावा, विशेषण म्हणून नाही. केंद्र सरकारने २००६-०७ पासून मागास क्षेत्र अनुदान निधी चालवला, त्यात देशातील २५० जिल्हे होते आणि विदर्भातील सहा होते: अमरावती, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हा कार्यक्रम आला, त्यात विदर्भातून गडचिरोली आणि वाशीम निवडले गेले. वाशीम आधीच्या यादीत नव्हता, यवतमाळ नंतरच्या यादीत नाही. याचा अर्थ यवतमाळ मधल्या बारा वर्षांत पुढे गेला आणि वाशीम मागे पडला असा होत नाही. दोन याद्यांचे निकष वेगळे होते. कोणत्या यादीनुसार, हे लिहिल्याशिवाय दोन्ही शब्द सारखेच पोकळ ठरतात.

भाषेच्या अंगाने एक गोष्ट सांगावीशी वाटते. संस्कृत नियमाने ‘आकांक्षित’ म्हणजे ज्याची आकांक्षा केली गेली ते. आकांक्षा बाळगणारा तो ‘आकांक्षी’. जिल्ह्यातील लोकांना पुढे जायची इच्छा आहे असे म्हणायचे असेल तर शब्द ‘आकांक्षी’ हवा होता. शासकीय मराठीत ‘आकांक्षित’ रूढ झाला आहे, तेव्हा योजनेच्या नावात तो तसाच ठेवावा.

‘उपेक्षित’, ‘दुर्लक्षित’, ‘वंचित’, ‘अविकसित’ यांपैकी कोणता शब्द बरा?

प्रत्येक शब्द वेगळा आरोप करतो. ‘उपेक्षित’ आणि ‘दुर्लक्षित’ म्हटले की उपेक्षा करणारा कुणी तरी आहे, असे सूचित होते. ‘वंचित’मध्ये मिळायला हवे होते ते मिळाले नाही, असा दावा आहे. ‘अविकसित’ फक्त अभाव सांगतो. यांतला कोणताही शब्द ‘मागास’चा सभ्य पर्याय म्हणून आलटून-पालटून वापरू नये. आरोप सिद्ध करता येत असेल तर आरोपाचा शब्द वापरावा.

‘दुर्गम’विषयी काय म्हणणे आहे?

‘दुर्गम’ म्हणजे जिथे जाणे कठीण, आणि ते कठीण का आहे हे जवळजवळ नेहमी एका वाक्यात सांगता येते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम आहे, आणि पूर आला की तालुक्यातील गावांचा संपर्क तुटतो. मेळघाटात, म्हणजे धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, घाट आणि जंगल यांमुळे दवाखाना गाठायला वेळ लागतो. इतके लिहिल्यावर ‘दुर्गम’ शब्द ठेवला तरी चालतो, गाळला तरी चालतो. ‘दुर्गम व मागास’ अशी जोडी मात्र कधीही लावू नये. नदीला पूल नसणे हा तिथल्या माडिया किंवा कोरकू आदिवासी माणसाचा दोष नाही, आणि त्या जोडीने तो दोष नकळत त्याच्या माथी मारला जातो.

अग्रलेखात किंवा स्तंभलेखात तरी हा शब्द चालेल ना? तिथे मत मांडायचेच असते.

मत मांडायचे असते म्हणूनच तिथे जास्त जपावे. मतप्रधान लेखनात या शब्दामुळे होणारी सर्वांत मोठी चूक वर्तुळाकार युक्तिवादाची आहे. प्रदेश मागास आहे म्हणून उद्योग येत नाहीत, आणि उद्योग येत नाहीत म्हणून प्रदेश मागास आहे. एकाच शब्दाने परिणामही सांगितला आणि कारणही सांगितले. मधे माहितीची जागाच उरली नाही. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्या जिल्ह्याला वीज आणि उद्योगाच्या संदर्भात ‘मागास’ म्हणणाऱ्या लेखकाने हेही सांगावे, की वीज इथे तयार होते, राख आणि धूर इथे राहतो, मग शेतीपंप रात्री चालवून पिकाला पाणी देण्याची वेळ कुणामुळे येते. असा लेख कठोर होईल आणि तो वाचनीयही होईल.

विदर्भाने मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, देवेंद्र फडणवीस असे मुख्यमंत्री दिले, मग तो मागास कसा, असा उलट युक्तिवादही लेखांतून येतो. तोही तितकाच अपुरा आहे. मुख्यमंत्री कुठला, यावरून तिथल्या कालव्याची लांबी मोजता येत नाही.

आपण स्वतःच निवेदनात ‘आमचा भाग मागास आहे’ असे लिहितो. मग वृत्तपत्राला दोष कसा द्यायचा?

हा प्रश्न वाचनालयात एका आजीबाईंनी विचारला होता आणि तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. ग्रामपंचायतीच्या ठरावात, तहसीलदारांना दिलेल्या निवेदनात, आमदारांच्या सत्काराच्या भाषणातसुद्धा आपणच तो शब्द आधी उच्चारतो, कारण त्याने निधी मिळेल अशी आशा असते. वार्ताहर आपल्याच निवेदनातून तो उचलतो. तेव्हा सुधारणा दोन्हीकडे हवी. आम्ही आमच्या परीने ठरवले आहे, की वाचनालयात लिहून दिलेल्या निवेदनात ‘मागास’ लिहायचे नाही. पांदण रस्ता किती मीटर आहे, पावसाळ्यात किती महिने बैलगाडी जात नाही आणि त्यामुळे कापूस घरी आणायला काय करावे लागते, ते लिहायचे. निवेदन लांबते. पण कार्यालयातला माणूस त्यावर ‘पाहू’ म्हणण्याआधी एकदा तरी मोजमाप वाचतो.

यशाच्या बातमीत हा शब्द कौतुकानेच येतो. तिथे काय बिघडते?

‘मागास भागातील मुलीचे घवघवीत यश’ या मथळ्यात कौतुक आहे हे खरे, पण ते मुलीला मोठे करताना तिच्या गावाला छोटे करून मिळवलेले आहे. ती मुलगी तो अंक घरी आणते, आणि तिची आई, शिक्षक, शेजारी तो वाचतात. आमच्या गावात असे झाले, तेव्हा त्या मुलीने कात्रण जपून ठेवले, पण मथळ्याचा भाग घडी घालून आत लपवला होता. ते पाहिल्यापासून हा विषय मला केवळ भाषेचा वाटेनासा झाला. तिच्या वाटेतला अडथळा सांगावा: गावात अकरावीचा वर्ग नाही, सकाळची एस.टी. एकच, ती चुकली की शाळा चुकली. त्याने यशाची उंची कळते आणि गावाचीही बदनामी होत नाही. उलट दुसरी एस.टी. सुरू करा, ही मागणी आपोआप उभी राहते.

एखाद्या नेत्याने भाषणात ‘मागास’ म्हटले असेल तर?

त्यांचे शब्द अवतरणात, त्यांच्या नावाने छापावेत. पुढच्या परिच्छेदात वार्ताहराने तोच शब्द अवतरणाविना स्वतःचा करू नये.

‘मागास विचार’, ‘मागास मानसिकता’ असे लिहिणे योग्य आहे का?

नाही. विचार चुकीचा, क्रूर, अन्यायकारक, कालबाह्य असू शकतो, आणि त्यासाठी हे स्पष्ट शब्द भाषेत आहेत. तोच शब्द एकीकडे समाजघटकांच्या कायदेशीर वर्गवारीसाठी आणि दुसरीकडे निंदेसाठी वापरला, की निंदेचा डाग वर्गवारीवर पडतो. बालविवाहाच्या बातमीत ‘मागास मानसिकता’ लिहिण्याऐवजी ‘कायद्याने गुन्हा असलेला बालविवाह’ लिहावे.

मथळ्यात जागा नसते. तिथे काय करावे?

ज्या गोष्टीची उणीव आहे तिचे नाव घालावे. ‘मागास गावात आजार फैलावला’ यापेक्षा ‘नळयोजना बंद, गावात आजार फैलावला’ हा मथळा थोडासाच लांब आहे, आणि त्यात बातमी आहे.

आमच्या गावाला बातमीत मागास म्हटले आहे. आम्ही काय करावे?

संपादकांना पत्र लिहावे, आणि ते दोन-तीन दिवसांतच पाठवावे. पत्रात राग असला तरी चालेल, पण बातमीची तारीख, पान आणि ते वाक्य जसेच्या तसे उतरवावे. मग ‘आम्ही मागास नाही’ एवढेच लिहून थांबू नये, कारण तो वाद विशेषणाचा होतो आणि विशेषणाच्या वादात छापणाऱ्याचे पारडे नेहमी जड असते. गावात काय आहे आणि काय नाही, हे सरळ लिहावे: शाळा कितव्या इयत्तेपर्यंत, उपकेंद्रात परिचारिका आठवड्यातून किती दिवस, हातपंप किती आणि त्यांतले चालू किती, पूल कोणत्या वर्षी मंजूर झाला आणि काम कुठे थांबले. ही माहिती ग्रामपंचायतीतून लेखी घ्यावी, म्हणजे पत्रातील मजकुराला आधार राहतो. शेवटी मागणी एकच ठेवावी, की पुढच्या वेळी आमच्या गावाची बातमी देताना त्या एका शब्दाच्या जागी यांतली जी बाब बातमीला लागू असेल ती लिहावी. गेल्या वर्षी आम्ही असे पत्र पाठवले. ते छापून आले नाही, पण पुढच्या महिन्यात त्याच वार्ताहराने गावात येऊन हातपंप मोजले.